आ-चू मावशीचा मनस्ताप

लाय शिउ-चू या बाईला आयुष्यात उदास राहायला सवड अशी कधी मिळालीच नव्हती. पहाटे चारला उठून सोयाबीन वाटायचं, साडेपाचला नाश्त्याच्या दुकानाचं शटर वर करायचं आणि मग अकरा वाजेपर्यंत समोर येईल त्या गिऱ्हाइकाला, मग तो मासळीबाजारातला दात पडलेला हमाल का असेना, "काय राजबिंडे, आज काय देऊ?" अशी हाक घालायची, हा तिचा तीस वर्षांचा नेम. आपण देखणे आहोत हे गावातल्या निम्म्या पुरुषांना दिवसातून एकदाच ऐकायला मिळे, तेही तिच्याच तोंडून. त्यामुळे तिची अंड्याची पोळी पाच युआनने महाग असूनही हातोहात खपायची. अख्खं गाव तिला आ-चू मावशी म्हणे. तिचा नवरा मू-सन तव्यापाशी उभा असे. तो बोलत नसे. बोलण्यात त्याच्यासाठी जागा म्हणून तिने कधी सोडलीच नव्हती.

अशा बाईवर वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी सहा महिने रीतसर दुःखी राहायची पाळी आली.

झालं ते असं. मार्चमधली संध्याकाळ होती. कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत वळणावर आली, तशी गल्लीतली सगळी बिऱ्हाडं पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. गाडी थांबते दोन-तीन मिनिटं, पण तेवढ्यात कुणाची सून काय म्हणाली आणि कुणाचं शेवाळलेलं तळं किती लाखाला गेलं याची देवाणघेवाण उरकायची असते. मावशीच्या हातात खरकट्याची बादली होती. सोयाबीनचा चोथा, कोळंबीची सालं, पपईच्या बिया, आणि आदल्या दिवशी गाडीला सुट्टी असल्यामुळे हे सगळं चांगलं मुरलेलं. मावशी शेजारणीला काहीतरी रंगवून सांगत होती. सांगता सांगता दोन पावलं मागे सरली, आणि मागून वेन सरांची स्कूटर आली.

वेन सर म्हणजे माध्यमिक शाळेत चौतीस वर्षं नागरिकशास्त्र आणि सदाचार शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. ते स्कूटर इतकी सावकाश चालवत की बदकं बाजूला व्हायची तसदी घेत नसत. त्या दिवशीही वेग तेवढाच होता. पण आरसा मावशीच्या कोपराला लागला, मावशी गरकन फिरली, बादली वर गेली, मावशी डाव्या हातावर खाली आपटली, आणि वर गेलेली बादली शिस्तीत येऊन तिच्या डोक्यावर उपडी बसली. टोपी घालावी तशी.

गल्लीत पंचवीस-तीस माणसं. मग बादलीच्या आतून आवाज घुमला, "कोण रे तो मेल्या!"

आणि सगळी गल्ली हसली. कचऱ्याच्या गाडीवरचे दोघेसुद्धा हसले.

मनगटाचं हाड चिरलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. आता आमच्याकडे अशा वेळी काय करायचं ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. धडक देणाऱ्याने फळांची टोपली घेऊन यायचं, वाकून चार गोड शब्द बोलायचे, पैसे घातलेलं एखादं लाल पाकीट उशाशी ठेवायचं. मग लागलेल्याने डुकराच्या पायाच्या शेवया खाऊन अपशकुन धुवून टाकायचा, की विषय मिटला. वेन सर तिसऱ्या दिवशी आले. हातात टोपली नव्हती. कागद होता.

"कशी आहे तब्येत, शिउ-चू बाई?"

"कशी असणार सर? हात मोडला. बसा ना."

"मी बसायला आलो नाही. हे तुमच्यासाठी छापून आणलंय." पादचाऱ्यांनी रस्त्यावर कसं वागावं याचे नियम होते. तीन ओळींखाली लाल शाईची रेघ. "रस्त्याकडे पाठ करून उलटं चालू नये, हे इथे स्पष्ट आहे. माझ्या मते चाळीस टक्के चूक तुमची. अर्थात, मी मनात राग धरलेला नाही."

मावशीने कागद घेतला. तिला काही बोलायला सुचलं नाही, आणि ही गोष्ट घरात प्रथमच घडत असल्यामुळे मू-सनने तव्याखालचा गॅस बंद केला.

त्या दुपारी पाओ-लुंग आला. हा मू-सनचा मावसभाऊ. विमा विकायचा, पण गल्लीत त्याची खरी कीर्ती वेगळीच होती. त्याला दोनदा कुत्रं चावलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याने मालकांकडून मनस्तापाची भरपाई वसूल केली होती. दुसऱ्या वेळी तर कुत्रं बिनदाताचं होतं असं लोक सांगतात.

"वहिनी, हाताचे पैसे विमा देईल," तो म्हणाला. "हात म्हणजे चिल्लर. खरा माल मनात असतो."

"माझ्या मनात काय आहे?"

"मनस्ताप! कायद्यात आहे तसं. झोप उडाली, अन्न गोड लागत नाही, त्या गाडीचं गाणं ऐकलं की छातीत धडधडतं. सहा लाख मागायचे."

"पण मला झोप लागते रे. मेल्यासारखी लागते."

"हे बाहेर बोलायचं नाही."

"आणि अन्नसुद्धा..."

"वहिनी! चार माणसांत तोंडावर खरकटं पडलं, लोक हसले, वर त्या मास्तरड्याने नियम शिकवले. याचं काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

वाटलं होतं. तो कागद आठवला की तिच्या कानशिलात कढत तेल पडल्यासारखं होई. त्याला मनस्ताप म्हणतात हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ती त्याला राग म्हणत होती. पाओ-लुंगने समजावलं की रागाला कोर्टात पैसे मिळत नाहीत, दुःखाला मिळतात. तेव्हा आजपासून तिने दुःखी व्हावं. त्याने नियमही घालून दिले. गिऱ्हाइकांना राजबिंडे म्हणायचं नाही. गुरुवारी समाजमंदिरात माइक धरून गायचं नाही. भडक फुलाफुलांचे सदरे कपाटात. "आणि हसायचं तर मुळीच नाही. कुणी मोबाइलवर हसताना फोटो काढला, तर दिसणाऱ्या दर दाताला दहा हजार गेले म्हणून समजा."

पुराव्यासाठी तो तिला आधी समुद्रदेवीच्या देवळात घेऊन गेला. तिथे आ-लान आजी लोकांचा धसका काढते. घाबरून माणसाचा जीव जागचा हलला असेल तर आजी त्याला हाका मारून परत आणते. तिने मावशीच्या सदऱ्यात तांदळाची वाटी गुंडाळली, उदबत्त्या डोक्यावरून, पाठीवरून फिरवल्या, मग सदरा सोडून तांदळात बघत बसली.

"चू, तुझा जीव कुठेच गेला नाही," ती म्हणाली. "जागच्या जागी आहे. जरा चरबी चढलीय त्याला, एवढंच."

"आजी, पावती मिळेल?" पाओ-लुंगने विचारलं.

"देवीच्या दारात पावती मागतोस? थांब, तुझे तांदूळ बघते!"

मग शहरातला मनाचा डॉक्टर झाला. तो तरुण होता, सभ्य होता, आणि बाहेर बावीस माणसं खोळंबली होती.

"दिवसातून साधारण किती वेळ उदास वाटतं?"

मावशीने प्रामाणिकपणे विचार केला. "दुपारी दोन ते चार. त्याआधी दुकान, मग त्याची आवराआवर."

"त्या वेळात काय करता?"

"झोपते."

डॉक्टरने चिठ्ठीवर 'झोपेसंबंधी तक्रार' असं लिहिलं. पाओ-लुंग खूश झाला. झोप येत नाही की फार येते, हे डॉक्टरने लिहिलं नव्हतं.

आता दुःखाचा संसार सुरू झाला. पहिल्या दिवशी मावशीने राखाडी सदरा घातला आणि पडलेल्या आवाजात "काय देऊ?" एवढंच विचारलं. मासळीबाजारातला हमाल पोळीची पुडी हातात घेऊन उभाच राहिला.

"मावशी, मी आज राजबिंडा नाही का?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "आहेस रे बाबा," ती कुजबुजली. "पण केस चालू आहे."

पहिले काही दिवस लोक हळहळले. कुणी पेरू आणून दिले, कुणी हाडांचा काढा. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की महाग पोळी आणि मख्ख चेहरा हे दोन्ही एकदम घ्यायचं काही कारण नाही. समोरच्या कोपऱ्यावर एका पोरीने नवं दुकान टाकलं होतं, तिने झट्‌कन 'हीरो' म्हणायला सुरुवात केली. जूनपर्यंत मावशीच्या सहा टेबलांपैकी चार रिकामी राहू लागली. दुपारी ती पडदे ओढून बसे, कारण समोरच्या गच्चीवरून वेन सर बघतात आणि वहीत टिपतात असं पाओ-लुंगचं म्हणणं होतं. गुरुवारी समाजमंदिरातून गाण्याचा आवाज यायचा. तिचं ठेवणीतलं गाणं आता फांग नावाची शिंपीण म्हणत होती, आणि वरचा सूर लागत नाही म्हणून तिथे चक्क खोकत होती. लोक टाळ्या वाजवत. मावशी अंधारात बसून ऐके आणि उशीचा कोपरा चावे.

जुलैत एके दिवशी मुळ्याच्या वड्या तळताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कशाचं ते तिलाही कळेना. थांबवता येईना. वड्या करपल्या.

पाओ-लुंगला हे समजलं तेव्हा तो उडालाच. "वा वहिनी! तारीख लिहून ठेवा!"

गावच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर तडजोड समिती बसते. कोर्टाची पायरी चढण्याआधी तिथे बसायचं, चहा प्यायचा, जमलं तर मिटवायचं. मावशीचं प्रकरण तुंग बाईंकडे होतं. सत्तरीची बाई. एके काळी बर्फाचा कारखाना चालवलेली. आजवर तिने शेकड्यांनी भांडणं मिटवली होती, कालवांच्या तराफ्यांची, भिंतींची, कोंबड्यांची, आणि समोर भुईमुगाच्या शेंगा असल्याशिवाय ती कुणाचं ऐकून घेत नसे. पहिल्या दोन बैठकांत काही झालं नाही. मावशी सहा लाख म्हणाली, वेन सर सहा हजार म्हणाले. तक्रार करायची मुदत सहा महिन्यांची, ती संपत आलेली. ऑगस्टच्या शेवटी तिसरी बैठक बसली, तेव्हा वेन सरांनी फाइल उघडली.

"माझाही दावा आहे," ते म्हणाले. "मनस्तापाचा. त्या दिवसापासून पोरं मला 'बादली सर' म्हणतात. मला झोप नाही. आठ लाख."

पाओ-लुंग ताडकन उठला. "आमचे सहा आणि तुमचे आठ? हाड आमचं चिरलं!"

"शांतपणे ऐका. मनस्तापाची रक्कम ठरवताना कोर्ट दोघांचं शिक्षण, उत्पन्न, समाजातलं स्थान बघतं. मी पदवीधर आहे. निवृत्त शिक्षक आहे. बाई सहावी शिकल्यात. त्या प्रमाणात आठ हा आकडा मी कमीच धरलाय."

मावशी तुंग बाईंकडे वळली. "खरं आहे हे?"

तुंग बाईंनी शेंग फोडली. "बघतं खरं कोर्ट ते."

"म्हणजे माझं रडणं स्वस्त आणि यांचं महाग? पदवीधराच्या डोळ्यांतून काय सोयासॉस येतो?"

"आ-चू, बस खाली."

"सहावीपर्यंत शिकले कारण सातवीत बापाची होडी बुडाली! तेव्हाचा मनस्ताप कुणाकडे मागू? समुद्राकडे? त्याचं शिक्षण किती ते बघून सांगा!"

वेन सरांनी वहीत लिहून घेतलं. "सहा महिने उदास असलेली व्यक्ती," ते शांतपणे म्हणाले, "या आवाजात बोलत नाही."

पाओ-लुंगने कपाळाला हात लावला. मावशी खाली बसली, आणि आपण उदास असायचं हे आठवून तिने मान खाली घातली. पण उशीर झाला होता.

चूक कुणाची किती हे ठरवायला तुंग बाईंनी चित्रफीत लावायला सांगितली. गल्लीत उभ्या असलेल्या एका मोटारीच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. कारकुनाने संगणकाचा पडदा सगळ्यांकडे फिरवला. पडद्यावर मावशी हातवारे करत मागे सरली. स्कूटर आली. मावशी फिरली. बादली वर गेली, हवेत जराशी रेंगाळल्यासारखी वाटली, आणि बसली.

तुंग बाईंनी खालचा ओठ दाताखाली धरला. कारकून उठून कपाटाकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. एवढं मावशीने गृहीतच धरलं होतं. पण तिच्या मागून एक विचित्र आवाज यायला लागला, उकळत्या किटलीचं झाकण थडथडावं तसा. तिने वळून पाहिलं. मू-सन हसत होता. त्या संध्याकाळी तो दुकानात तवा घासत होता, त्यामुळे हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दोन्ही हातांनी तोंड दाबून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत तो हसत होता. चौतीस वर्षांच्या संसारात तिने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि तिने त्याला हसवायला काय काय केलं होतं ते तिचं तिलाच माहीत.

मावशीचा चेहरा पांढरा पडला. पडदे ओढून सहा महिने जे जमवायला तिने घाम गाळला, ते त्या खोलीत दुपारी तीनच्या सुमाराला आपोआप झालं. कुणी ते लिहून घेतलं नाही. कारकून अजून कपाटाकडेच बघत होता.

"बंद करा ते," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की पाओ-लुंगला वाटलं, नाटक करतेय, आणि तो हळूच म्हणाला, "हे छान. असंच चालू ठेवा."

तुंग बाईंना मात्र फरक कळला. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "सर, तुमचे आठ लाख फाइलीत परत घाला. बाईंचे सहाही विसरा. तुम्ही बरीशी रक्कम द्या आणि इथे माझ्यासमोर माफी मागा. चला."

वेन सर माफी लिहूनच घेऊन आले होते. उभं राहून, चष्मा लावून त्यांनी वाचली. "सदर प्रसंगामुळे जर शिउ-चू बाईंच्या भावना दुखावल्या असतील, तर त्याबद्दल मी दिलगीर आहे."

"जर काढा," मावशी म्हणाली.

"कशाला? वाक्यरचना बरोबर आहे."

"दुखावल्या असतील म्हणजे? दुखावल्या! जर काढा."

"जर काढलं तर सगळा दोष मी मान्य केल्यासारखं होईल. चौतीस वर्षं मी मुलांना शिकवलं की जेवढं आपलं आहे तेवढंच मान्य करावं."

अर्धा तास यावर गेला. वेन सर 'कदाचित' घालायला तयार झाले, पण तुंग बाईंनी हात वर केला. बर्फाच्या लाद्या विकलेली बाई ती, वितळायच्या आत सौदा कसा करायचा हे तिला ठाऊक. "ऐका दोघं. जर काढलं तर सरांनी पन्नास हजार द्यायचे. जर ठेवलं तर ऐंशी. बोला, सर."

"ऐंशी," वेन सर म्हणाले. श्वाससुद्धा घेतला नाही.

तुंग बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या. "आ-चू, तुझ्या हातात आहे. तू म्हणालीस तर मी यांच्याकडून ते जर काढून घेते. मी काढते म्हणजे काढतेच. पण मग पन्नास. काय करायचं?"

मावशीने सरांकडे पाहिलं. ते कागद छातीशी धरून उभे होते, कुणीतरी तो हिसकावून घेणार असल्यासारखे. मग तिने मू-सनकडे पाहिलं. तो रुमालाने डोळे पुसत होता.

"ऐंशी," ती म्हणाली. "राहू दे जर."

"शाबास," तुंग बाई म्हणाल्या, आणि कुणाला म्हणाल्या ते स्पष्ट केलं नाही. "लिही रे."

कागदावर दोघांनी आपापल्या नावाचे शिक्के उठवले. यापुढे या प्रसंगावरून कुणी कुणावर दावा करायचा नाही, असं शेवटचं कलम होतं. मावशीने ते बोट ठेवून दोनदा वाचलं. "बोलायलाही बंदी आहे का?"

"तोंडाला कायदा नसतो," तुंग बाईंनी सांगितलं.

वेन सर आजही म्हणतात की तत्त्वासाठी तीस हजार मोजणारा माणूस या गावात दुसरा दाखवा. मावशी म्हणते की एका शब्दाचे तीस हजार घेणारी बाई दाखवा. दोघंही आपापल्या जागी जिंकले आहेत. पाओ-लुंगने दहावा हिस्सा घेतला आणि त्यातून नवी चप्पल घेतली. एका घरी राखणीचं कुत्रं आहे म्हणे, तिकडे त्याच्या फेऱ्या वाढल्या आहेत.

मू-सनशी ती नऊ दिवस बोलली नाही. गिऱ्हाइकांना वाटलं, आता दुसरी केस लागली. दहाव्या दिवशी सोयाबीन वाटता वाटता तिनेच तोंड उघडलं.

"हसलास तू."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो."

"मग? काहीच नाही म्हणायचं?"

मू-सनने बराच विचार केला. "कर माझ्यावर केस."

"तुझं शिक्षण चौथी," ती म्हणाली. "काय मिळणार तुझ्याकडून!"

आणि मग ती बोलायला लागली ती थांबलीच नाही. सहा महिन्यांचं तुंबलेलं होतं. दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला बादलीची गोष्ट ऐकावी लागली. नोव्हेंबरपर्यंत स्कूटरची मोटारसायकल झाली होती आणि वेन सर दारूही प्यायले होते. गिऱ्हाईक परतलं, पण सगळं नाही. कोपऱ्यावरच्या पोरीची पोळी पाच युआनने स्वस्त आहे, आणि हीरो म्हणवून घ्यायची सवय लोकांना लागली ती लागलीच.

आता डावं मनगट पुरतं वळत नाही. वादळाची हवा सुटली की दोन दिवस आधी ठणकायला लागतं. कणकीचा गोळा ती एका हाताने दाबते, परात मू-सन धरतो. याचे किती मिळाले असते असं एकदा तिने पाओ-लुंगला विचारलं. त्याने तडजोडीचा कागद काढून वरपासून खालपर्यंत पाहिला. मनस्ताप तिथे तीन ठिकाणी होता. हाताचं लिहायचंच राहिलं होतं.